कानांच्या परीक्षेत पैकीच्या पैकी

दहावीनंतरच्या सुट्टीत आईने माझ्याकडून ऐकण्याच्या परीक्षेची तयारी करून घेतली होती. हे आज कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, ऐकण्याची कसली डोंबलाची तयारी? असं विचारणारा माणूस डोंबिवलीचा नसतो. आमच्याकडे, त्यातून शिकवणी घेणाऱ्या बाईच्या घरात, परीक्षा म्हटली की तयारी आलीच. ती परीक्षा कसली आहे हे नंतर बघायचं.

आई सहावी ते दहावीचं गणित शिकवायची. डोंबिवली पूर्वेला आमचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत सतरंजी, भिंतीला फळा, आणि दुपारी तीनपासून दारात पोरांच्या चपलांचा ढीग, तो पार जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत. त्या खोलीचा वास मला अजून येतो. खडूची भुकटी, दप्तरात राहिलेले डबे आणि आतून येणारा फोडणीचा. मी आता ठाण्याला, माजिवड्याच्या एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहते. सगळं स्वच्छ, गुळगुळीत आहे, चपला ठेवायला कपाट आहे. तरी एखाद्या संध्याकाळी तो ढीग आठवतो आणि उगाच गलबलून येतं.

चौथ्या वर्षी मला मोठा ताप आला आणि जाताना तो माझं ऐकणं थोडं घेऊन गेला. पाचवीत मला मशीन मिळालं. श्रवणयंत्र हा शब्द फक्त दवाखान्याच्या कागदावर असायचा, आम्ही मशीनच म्हणायचो. कानामागे बसणारं, बदामी रंगाचं, जोरात हसलं की शिट्टी वाजवणारं. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी आईला आधीच सांगून ठेवलेलं, की बाकीच्या मुलांच्या बरोबरीने चालली तोवर इथे राहील, नाहीतर तिच्यासाठी वेगळी शाळा बघा. आईने ते इतकं मनाला लावून घेतलं की त्यानंतर माझा एक मार्क जरी गेला तरी ती धास्तावायची. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. चेहरे बघण्यात मी पटाईत होते.

खरं काय होतं, ते सांगते. माझे कान वर्षागणिक उतरत चाललेले. आठवीनंतर मशीन लावलं की आवाज यायचा, पण शब्द यायचे नाहीत. ओठ वाचायला मला कुणी शिकवलं नाही, ते आपोआप आलं. पहिला बाक, ओळखीच्या बाई, पुस्तकात बोट ठेवून बसलं की भागायचं. जिथे अडायचं तिथे हसून मान डोलवायची. त्या मान डोलवण्यावर मी अख्खी शाळा काढली आणि यातलं अक्षर कधी आईला कळू दिलं नाही. तिला वाटायचं, पोरीला थोडं कमी ऐकू येतं, एवढंच.

दहावीला मार्क चांगले पडले. आई म्हणाली, सायन्स. कॉलेजात फॉर्म भरायला गेलो तर खिडकीतल्या क्लार्कने माझ्या कानाकडे पाहिलं आणि सांगितलं, ठाण्याच्या सरकारी दवाखान्यातून कानांची तपासणी करून सर्टिफिकेट आणा, मग बघू. ते सर्टिफिकेट कशासाठी, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आईच्या डोक्यात मुख्याध्यापिकाबाईच बसलेल्या. ती सरळ धरून चालली, की मुलगी सायन्सला लायक आहे की नाही ते ठरवायला ही तपासणी आहे. मग काय विचारता. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची आणि आईला तयारीला वेळ मिळाला.

शेवटची बॅच गेली की मला सतरंजीवर बसवायची, भिंतीकडे तोंड करून. मशीन काढायचं. ती मागे उभी राहून स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायची. आधी जोरात, मग हळू, मग आणखी हळू. ऐकू आलं की मी बोट वर करायचं. दहा वेळा वाजवायचं, दहा मार्क. वहीत लाल पेनने लिहून ठेवायची, तारखेसकट. पहिल्या दिवशी मला दहापैकी तीन मिळाले. आई त्या रात्री जेवली नाही, डोकं दुखतंय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की समोरच्या शोकेसच्या काचेत आईचं कोपर दिसतं. चमचा पडला की कोपर हलतं.

मला पाच पडले. मग सहा, मग आठ. मी एकदम दहावर उडी मारली नाही हं. शिकवणीवाल्या बाईची मुलगी होते, अभ्यासाने मूल कसकसं सुधारतं हे मला पक्कं माहीत होतं. शेवटचे चार दिवस पैकीच्या पैकी. आईने माझे दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, बघ, लक्ष दिलं की येतं. तिचा चेहरा इतका उजळलेला, की आपण काही वाईट करतोय असं मला एकदाही वाटलं नाही. उलट तिला खूश करण्याची एक युक्ती सापडली याचा आनंदच वाटला. मला आजही त्या मुलीचा राग येत नाही. कीव येते, आणि थोडं हसू.

तपासणीचा दिवस आला. आईने दही-साखर हातावर ठेवली, म्हणजे बोर्डाच्या पेपरला ठेवायची तशीच. ठाण्याला त्या दवाखान्यात सकाळी साडेआठपासून आम्ही बाकावर. आजूबाजूला कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, पोराला कडेवर घेतलेल्या आया, फायली सांभाळणारे बाप. सगळे दमलेले होते आणि सगळे एकमेकांशी गोड वागत होते. एका बाईंनी आम्हाला थर्मासमधला चहा दिला. आमच्यासारखी इतकी माणसं एका ठिकाणी मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला विचित्र बरं वाटत होतं.

कान तपासणाऱ्या मॅडम अगदी तरुण होत्या. एक वेणी, कपाळाला बारीक टिकली, आणि माझ्याशी बोलताना आधी माझ्या समोर येऊन उभ्या राहायच्या. असं सहसा कुणी करत नाही. मला त्या फार आवडल्या. त्यांनी मला काचेच्या छोट्या केबिनमध्ये बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि समजावलं, की आवाज कितीही बारीक आला तरी बोट वर करायचं, नाही आला तर नाही करायचं. मग त्या बाहेर जाऊन आपल्या यंत्रापुढे बसल्या. काचेतून मला फक्त त्यांचं डोकं आणि उजवा खांदा दिसत होता.

बटण दाबताना तो खांदा नखभर वर जायचा.

मी काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको. चार-पाच ठिकाणी मुद्दाम चुकले, एकदोनदा बोट उशिरा वर केलं. खरं वाटलं पाहिजे ना. बाहेर बाकावर आई डोळे मिटून पुटपुटत बसलेली.

पुढच्या आठवड्यात सर्टिफिकेट मिळालं. त्यावर अपंगत्वाचा आकडा होता आणि तो चाळीस टक्क्यांच्या बराच खाली होता. आईने तो निकालासारखा वाचला, उलटा. जितका कमी तितकं चांगलं. येताना तिने टेंभी नाक्याजवळ रिक्षा थांबवून पेढे घेतले आणि संध्याकाळी सगळ्या बॅचेसना वाटले. पोरांनी कसले म्हणून विचारलं तर म्हणाली, ताईचे कान सुधारले.

कॉलेज सुरू झालं आणि आठ दिवसांत माझ्या तोंडचं पाणी पळालं. सव्वाशे मुलांचा वर्ग, वरती सहा पंखे, आणि सर फळ्याकडे तोंड करून बोलणारे. पाठीवर काय वाचणार? शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे, तर ती बिचारी शॉर्टमध्ये लिहायची. त्यात ऑगस्टमध्ये माझं मशीन कायमचं बंद पडलं. कल्याणच्या दुकानात दाखवलं. दुकानदार म्हणाला, हे आता होणार नाही, आणि झालं तरी या मुलीला याच्यापेक्षा खूप ताकदीचं लागेल. तसलं मशीन आमच्या आवाक्यातलं नव्हतं. फिजिक्सच्या पहिल्या चाचणीत मी नापास झाले. आयुष्यात पहिल्यांदा. कागद आईपुढे ठेवला.

ती कॉलेजात गेली, त्याच खिडकीशी. आता त्या क्लार्कने नीट सांगितलं. अशा विद्यार्थ्यांना सरकारकडून नवं मशीन मिळतं, तोंडी परीक्षेतही सवलत असते, त्यासाठीच तर सर्टिफिकेट मागितलेलं. मात्र त्यावर चाळीस टक्के किंवा जास्त पाहिजे. आमचा कागद त्याने पाहिला आणि हळूच परत सरकवला. यात बसत नाही बाई, म्हणाला. मशीन नाही तर अकरावी नाही, इतकं सगळं सरळ झालं. बाबांनी त्या रात्री कॉमर्सचं सुचवून पाहिलं. कॉमर्सचे सर तरी कुठे माझ्याकडे तोंड करून शिकवणार होते?

आई गप्प बसणाऱ्यातली नव्हे. दुसऱ्या दिवशी दुपारची बॅच रद्द करून ती फुलस्केप कागद घेऊन बसली. दवाखान्याविरुद्ध तक्रार. तिचं अक्षर मोत्यासारखं, मुद्द्यांना क्रमांक, खाली रेघ. मी पाणी द्यायच्या निमित्ताने मागून वाचलं. तपासणी निष्काळजीपणे झाली. तपासणारी व्यक्ती अननुभवी असावी. माझ्या मुलीच्या नुकसानीस तिला जबाबदार धरावं. तीन पानं झालेली आणि चौथं चालू होतं.

माझ्या डोळ्यांपुढे ती एक वेणी आली. माझ्या समोर येऊन उभ्या राहणाऱ्या त्या मॅडम. वाटलं, आता बोलले नाही तर आपण फारच हलकट ठरू.

आमच्या घरात कॉपी हा शब्द शिवीसारखा होता. आईने कॉपीवरून एका मुलाला, त्याचे वडील बाबांचे साहेब असूनसुद्धा, शिकवणीतून काढून टाकलेलं. मी तिच्यासमोर सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "आई, मी कॉपी केली."

तिला वाटलं फिजिक्सच्या चाचणीत. कॉपी करून नापास झालीस, असं तिने विचारलं, आणि त्या अवस्थेतही मला हसू फुटलं. मग मी सगळं सांगितलं. खांदा सांगितला. तिने विचारलं, घरी पण? मी शोकेसकडे बोट दाखवलं. आई उठली, काचेसमोर जाऊन उभी राहिली, स्वतःचं कोपर हलवून पाहिलं. मग आत गेली आणि कुकर लावला. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. खरं म्हणजे ओठ हलत नव्हते तिचे, आणि माझ्या बाबतीत ती सगळ्यात मोठी शिक्षा असते.

तिसऱ्या दिवशी तिने तक्रारीची पानं फाडली आणि नवा अर्ज लिहून मला वाचायला दिला. एकच पान. तपासणी पुन्हा व्हावी अशी विनंती, आणि खाली कारण. माझ्या मुलीने पाहून उत्तरे दिली, तिचा सराव मी घरी घेतला होता, चूक आम्हा दोघींची आहे. मी म्हणाले, तुझी कशाला, तुला कुठे माहीत होतं? ती म्हणाली, सराव घेणाऱ्याला माहीत असायला हवं. आणि सही केली, पूर्ण नाव लिहून.

पुन्हा तारीख मिळाली ती नवरात्रात. टेंभी नाक्याच्या बाजूचा रस्ता मांडवासाठी बंद, रिक्षावाल्याने अलीकडेच उतरवलं. आम्ही गर्दीतून चालत निघालो. ढोल जवळ आले की ते मला छातीत कळायचे. आईने माझं मनगट धरलेलं, लहानपणी धरायची तसं. मला भीती वाटत होती, की याही वेळी आकडा कमी आला तर? आणि तो खरा आला तर आईचं काय होईल, याची त्याहून जास्त.

मॅडमनी अर्ज वाचला. एकदा वाचला, परत वाचला, आणि मग खुर्चीला टेकून हसायला लागल्या. म्हणाल्या, काकू, चांगलं ऐकू येत असून येत नाही म्हणणारे माझ्याकडे रोज येतात. येत नसताना येतं म्हणणारी ही पहिलीच. आईला ते हसण्यावारी नेता येईना. ती हात जोडून उभी राहिली. मॅडमनी तिचे हात खाली केले, तिला आपल्या शेजारी यंत्राजवळ बसवलं आणि केबिनमधली माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

समोर पांढरी भिंत. काच नाही, खांदा नाही, काही नाही. हेडफोन चढले आणि मी वाट बघत बसले. सुरुवातीला एक-दोन आवाज आले, अगदी मोठे, ते मी घेतले. मग काहीच नाही. हाताला सवय झालेली, बोट आपोआप उठायला बघायचं. अंदाज बांधता येत होता, इतक्या सेकंदांनी एक वाजत असणार. मी बोट गुडघ्यावर दाबून धरलं. माहीत नाही तिथे काही लिहायचं नाही. मी आयुष्यात कधी कोरा पेपर दिला नव्हता. आता तोच देत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पण खरं सांगते, त्या पाण्यात हलकंही वाटत होतं. किती वर्षं नुसती मान डोलवत होते मी.

बऱ्याच वेळाने मॅडम आत आल्या, हेडफोन काढले, अशीच बसून राहा अशी खूण केली आणि गेल्या. मी बसून राहिले. वाटलं, आता थोडी विश्रांती असेल. भिंतीवर एक पोपडा निघालेला, त्याचा आकार बघत बसले. चांगली दोन-तीन मिनिटं गेली असतील.

मग खांद्यावर हात पडला. वळून पाहिलं तर मॅडम होत्या, आणि त्यांच्यामागे दारात आई. तोंडाला ओढणी लावून उभी होती. मॅडमनी स्टूल ओढलं, माझ्या समोर बसल्या आणि सावकाश बोलल्या. दोन्ही कान फार उतरलेत, चाळीसच्या खूप वर जाईल, मशीनच्या अर्जाला आता काही अडणार नाही. मी आईकडे पाहिलं. मिळालं की, मग रडतेस कशाला, असं मला तिला विचारायचं होतं.

मॅडमनी हाताच्या खुणेने माझं लक्ष वेधलं आणि त्या म्हणाल्या, "शेवटी मी दार उघडं ठेवून आईंना तुला हाक मारायला सांगितलं. त्यांनी तीन हाका मारल्या. तिसरीला बाहेरची माणसं आत डोकावली."

मी पोपडा बघत बसलेले तेव्हा.

कागद तयार होईपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आई एरवी भरभर बोलायची. त्या दिवशी तिने आधी माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "मग घरी मी हाक मारायचे, तेव्हा तू ओ कशी द्यायचीस?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. फरशीला तिच्या पावलांचा धक्का जाणवायचा, दारातला उजेड हलायचा. पण ते काही खरं उत्तर नव्हतं.

"मी सारखी तुझ्याकडेच बघत असायचे," मी म्हणाले.